शेतात, बांधावर घोरपडीची अंडी सापडली तर काय कराल? घरी आणून उबवणं का फसतं, वाचा सविस्तर

भोर / वेल्हे : नांगरताना ढेकळाखाली पांढरी, मऊ अंडी दिसतात. जेसीबीने बांध कोरला की वारुळाच्या पोटातून वीस-बावीस अंड्यांचा ढीग बाहेर पडतो. शेणखताचा खड्डा उपसताना किंवा पेंढ्याची गंज हलवतानाही असं होतं. मग पुढं दोनपैकी एक गोष्ट घडते. कुणीतरी 'सापाची असतील' म्हणून फावड्याने चेचून टाकतं. नाहीतर घरातलं पोरगं ती अंडी चपलेच्या खोक्यात भरतं, खाली कापूस घालतं आणि वर बल्ब लावतं. मोबाईलवर परदेशातले लोक पाळलेल्या सरड्यांची अंडी डब्यात उबवताना त्यानं पाहिलेलं असतं.

दोन्हीकडे शेवट बहुतेक वेळा एकच, अंडी मरतात. पण दुसऱ्या प्रकारात घरालाही धोका असतो. अंडी नागाची निघू शकतात, आणि घोरपडीची निघाली तर गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून भोर-वेल्ह्यातल्या शेतकऱ्याला, गुराख्याला आणि शाळकरी पोरांच्या आईवडिलांना उपयोगी पडेल अशी ही माहिती.

आधी ओळखा, अंडी कुणाची?

नुसतं अंडं बघून खात्रीनं सांगणं जाणकारालाही अवघड जातं. तरी काही खुणा उपयोगी पडतात.

पाल : बहुधा दोनच अंडी. पांढरी, गोल, टणक आणि साधारण एक सेंटिमीटरची. स्विचबोर्डच्या मागं, चौकटीच्या फटीत, कौलाखाली सापडतात.

सरडा : पावसाळ्याच्या सुमारास मादी ओल्या मातीत लहान खड्डा करते आणि दहा ते वीस अंडी घालून वर माती लोटते. अंडी मऊ, लांबट, एक ते दीड सेंटिमीटरची. परसात वाफा खणताना हीच जास्त सापडतात. साधारण सहा-सात आठवड्यांत पिल्लं निघतात.

घोरपड : अंडी चामड्यासारख्या मऊ कवचाची, पांढरी, लांबट, चार-पाच सेंटिमीटरची, म्हणजे कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडी लहान. एका वेळी साधारण वीस. जागा म्हणजे वारूळ, बांधाची उभी कड किंवा मोकळी जमीन.

साप : अंडी मऊ, लांबट, पुष्कळदा एकमेकांना चिकटून गठ्ठा झालेली. धामण, नाग, मण्यार हे अंडी घालणारे साप. उंदराचं बीळ, वारूळ, पालापाचोळा, खताचा खड्डा या त्यांच्या जागा. घोणस आणि फुरसं मात्र अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. त्यामुळं 'घोणशीची अंडी सापडली' असं कुणी म्हणालं तर ती दुसऱ्या कुणाची तरी आहेत असं समजा.

पक्षी : टिटवीची अंडी उघड्या माळावर असतात. ती टणक, मातकट रंगाची आणि ठिपकेदार. ही सरपटणाऱ्या प्राण्याची नाहीत.

इथं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे घोरपड आणि नाग दोघंही वारुळात अंडी घालतात. नागीण अंड्यांजवळ थांबून राहते. वारुळात हात घालून अंडी काढणं म्हणजे थेट जिवाशी खेळ. नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हापासूनच विषारी असतं. 'घोरपडीची आहेत' म्हणून खोक्यात ठेवलेल्या अंड्यांतून दोन महिन्यांनी काय निघेल, याची खात्री कुणी द्यायची?

कोंबडीचा हिशोब इथं चालत नाही

आपल्याकडं अंडी उबवणं म्हटलं की खुडूक कोंबडी डोळ्यांपुढं येते. टोपलीत भाताचं तूस, वर कोंबडी आणि एकवीस दिवस. उबवणीच्या यंत्रातही तेच गणित असतं. साधारण साडेसदतीस अंश तापमान आणि दिवसातून अनेकदा अंडी फिरवायची. सरपटणाऱ्या प्राण्यांचं गणित याच्या नेमकं उलट आहे.

पहिली गोष्ट फिरवण्याची. कोंबडी चोचीने अंडी फिरवत राहते, कारण तसं केलं नाही तर आतला जीव कवचाला चिकटतो. घोरपड, सरडा, साप यांच्या अंड्यात मात्र जीव सुरुवातीलाच, पहिल्या दिवस-दोन दिवसांत, कवचाच्या वरच्या बाजूला धरून वाढू लागतो. नंतर अंडं उलटं झालं तर तो आतल्या द्रवाच्या आणि बलकाच्या भाराखाली दबतो, गुदमरतो. अंडं बाहेरून धडधाकट दिसतं, आत मात्र काही उरत नाही. खोऱ्याने वर काढलेली, मग पिशवीत भरलेली अंडी घरी पोहोचेपर्यंत किती वेळा उलटीपालटी होतात, याचा विचार करा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सरड्याच्या जातींची अंडी बहुधा २६ ते ३२ अंशांत वाढतात. कोंबडीला लागणारे ३७ अंश त्यांना सोसत नाहीत. बंद खोक्यात बल्ब लावला की तापमान कुठं जाईल याचा भरवसा नसतो. रात्री लाईट गेली की तेच खोकं थंडगार. जमिनीत फूटभर खाली मात्र दिवसा आणि रात्री फारसा फरक पडत नाही. घोरपड अंडी खोल पुरते ती त्यासाठीच.

तिसरी गोष्ट ओलीची. कोंबडीच्या अंड्यावर टणक कवच असतं. घोरपडीचं कवच मऊ असतं आणि ते मातीतली ओल शोषतं. वाढता वाढता अंडं फुगतं. कापसात ठेवलं तर ते सुकतं, आत दबतं. पाणी शिंपडलं तर बुरशी धरते. पाण्यात टाकलं तर मेलंच.

चौथी गोष्ट दिवसांची. कोंबडीचे एकवीस दिवस. घोरपडीच्या अंड्याला १६८ ते जवळपास २५४ दिवस लागल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे साडेपाच ते साडेआठ महिने. इतका काळ एकसारखी ऊब आणि एकसारखी ओल खोक्यात राखणं घरच्या घरी जमत नाही. आणि जमिनीत तरी सगळीच अंडी फुटतात असं नाही. काही वाया जातातच. त्यात आपण हात घातला तर उरलेलीही जातात.

घोरपड अंडी घालून जाते, पुढचं काम मातीचं

घोरपडींचा जोडी जमण्याचा काळ पावसाळ्यात असतो. मादी भोक उकरते, अंडी घालते, माती लोटते आणि नाकाडाने ठोकून घट्ट बसवते. आजूबाजूला एक-दोन खोटी भोकंही उकरून ठेवते, म्हणजे अंडी खाणाऱ्या प्राण्याला खरी जागा सापडू नये. कोंबडीसारखी ती अंड्यांवर बसत नाही. म्हणून 'आई दिसत नाही, अंडी बेवारस आहेत' असं समजून उचलू नका. बेवारस दिसणं हीच त्यांची रीत आहे.

म्हणजे पावसाळ्यात घातलेली अंडी भातकापणीच्या वेळी जमिनीत असतात, थंडीत असतात आणि पुष्कळदा उन्हाळ्यातही असतात. आपल्याकडं नेमकी याच महिन्यांत जमीन हलते. बांधबंदिस्ती होते, डोंगराला वणवे लागतात, राब भाजतात. राजगड, तोरण्याच्या पायथ्याला, पानशेतकडं, भाटघरच्या कडेला घरांसाठी, प्लॉटसाठी सपाटीकरण चालतं. राबाची आग वरच्यावर जळते. तिच्यात उथळ पुरलेली अंडी करपतात. खोल असलेली वाचली, तरी बाहेर येणारं पिल्लू आगीत सापडतं.

हे टाळायला फार काही करावं लागत नाही. राब भाजायची पट्टी आधी ठरवा, तिच्या कडेचा पाला ओढून घ्या आणि आग तेवढ्यातच ठेवा. बांधावरचं जुनं वारूळ अडचणीचं नसेल तर पाडू नका. जेसीबीवाल्याला काम सुरू करायच्या आधी वारूळ दाखवून ठेवा.

आणि घोरपड आपलं काही घेत नाही. खेकडे, गोगलगायी, किडे, उंदीर हे तिचं खाणं. खाचराच्या बांधाला भोकं पाडणारा खेकडा आणि कणगीतला उंदीर कमी करणारं हे जनावर आहे. कधीमधी कोंबडीची अंडी पळवते, हे खरं. त्यासाठी खुराड्याला जाळी लावली की भागतं.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत येते, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रांगेत. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानंतरही घोरपडीचं स्थान तेच आहे.

पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट अशी की, या कायद्यात 'शिकार' या शब्दात पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं हेसुद्धा येतं. म्हणजे घोरपड मारली नाही, नुसती अंडी उचलून घरी आणली, तरी ती कायद्याच्या कक्षेत येते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. 'पाळायला आणली', 'जीव वाचवायला आणली' हे कारण पुढं करून सुटका होईल असं धरून चालू नका.

नांगराखाली नकळत अंडी आली, तर घाबरून लपवायचं कारण नाही. कळल्यावर काम थांबवलं आणि वन विभागाला कळवलं की तुम्ही तुमचं काम केलं.

अंडी सापडली, आता काय?

१. काम थांबवा. नांगर, खोरं, मशीन, जे चालू असेल ते. पोरांना आणि कुत्र्यांना लांब करा. आजूबाजूला साप नाही ना, हे आधी दुरूनच बघा.

२. जागेवर राहू देणं शक्य असेल तर तेच करा. अंडी आहेत तशी ठेवून लांब दांड्याच्या खोऱ्याने तीच माती वर हलकी लोटा. दाबू नका, पाणी घालू नका. तेवढा तुकडा न नांगरता सोडा. खुणेला काठी रोवा, वर काटेरी फांदी टाका. चार हात जमीन एक हंगाम पडीक राहिली तर फार नुकसान नाही.

३. जागेवर ठेवता येत नसेल तर फोटो काढा आणि वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. किंवा तुमच्या भागातल्या वनरक्षकाला कळवा. गाव, शिवार, जवळची खूण नीट सांगा. माणूस येईपर्यंत अंड्यांवर सावली करा आणि तीच माती टाकून ठेवा.

४. वन विभागाने फोनवर हलवायला सांगितलं तरच हलवा. आधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने बारीक खूण करा. पेन किंवा मार्कर नको. खूण वरच राहील असं एकेक अंडं उचला. टोपलीत त्याच खड्ड्यातली ओलसर माती घाला आणि त्यात अंडी अर्धी रुतवून ठेवा. एकावर एक रचू नका. चिकटलेली अंडी सोडवू नका. फ्रिज, ऊन, चुलीची ऊब, बल्ब यातलं काहीच नको. नंतर साबणाने हात धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि अंड्यांवर जुलाब-तापाचे जंतू असू शकतात.

५. पिल्लं निघत असतील तर मदत करू नका. पिल्लू नाकाडावरच्या टोकदार दाताने कवच चिरतं आणि कधीकधी कितीतरी तास तसंच डोकं बाहेर काढून बसतं. त्या वेळात ते उरलेला बलक पोटात घेत असतं. आपण कवच सोलून काढलं तर ते मरू शकतं. बाहेर आलेल्या पिल्लाला दूध, भात काही घालू नका. ते पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः बघतं.

अंडं थोडं चेपलेलं दिसलं म्हणजे ते मेलं असं नाही. ओल कमी झाली किंवा पिल्लू निघायची वेळ जवळ आली तरी ते चेपतं. म्हणून स्वतः ठरवून फेकून देऊ नका.

फुटलेल्या अंड्यांजवळ जखमी पिल्लू किंवा मशीनखाली जखमी झालेली घोरपड सापडली, तरी १९२६ वरच कळवा. पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांवर उपचार करणारं केंद्र आहे. तिथं न्यायचं की नाही, हे वन विभाग ठरवेल.

मग कोकणात कासवांची अंडी कशी उबवतात?

हा प्रश्न हमखास येतो, कारण कासव महोत्सवाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं काम सुरू केलं. तिथं अंडी खरंच हलवतात. पण कशी, ते बघा.

रात्री मादी अंडी घालून गेली की काही तासांतच, म्हणजे आतला जीव कवचाला धरायच्या आत, अंडी काढतात. ती घरात नेत नाहीत. किनाऱ्यावरच कुंपण घालून, तितक्याच खोलीचा खड्डा तशाच वाळूत करून त्यात पुरतात. ऊब वाळूच देते. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात आणि समुद्रात सोडली जातात. हे सगळं वन विभागाच्या बरोबरीनं, प्रशिक्षण घेतलेल्या माणसांकडून होतं.

त्यातही एक मेख आहे. कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. जास्त उबेला माद्या, कमी उबेला नर. वरंध घाट उतरून गेलं की महाडला सावित्री नदीत मगरी आहेत. त्यांच्याही पिल्लांचं नर-मादी तापमानावरच ठरतं. अशा प्राण्यांच्या बाबतीत दोन-तीन अंशांचा फरक सगळी पिढी एकाच बाजूला झुकवू शकतो. बल्ब आणि खोक्याच्या भरवशावर सोडायचं हे काम नाही.

विकत घेतलेला इग्वाना असेल तर?

शहरात काही जण हिरवा इग्वाना पाळतात. सुट्टीला गावी येताना सोबत आणतात. हा प्राणी अमेरिका खंडातला. त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं बंधनं आहेत. असे परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठी केंद्र सरकारनं २०२४ साली नियम केले. त्यानुसार परिवेश पोर्टलवर प्राण्याची नोंद करावी लागते. अंड्यांतून पिल्लं झाली तर त्यांचीही नोंद करावी लागते, आणि प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला तरी कळवावं लागतं.

रीतसर नोंद असलेल्या इग्वानाची अंडी उबवताना झाकणाचा डबा घेतात. त्यात रोपवाटिकेत मिळणारं व्हर्मिक्युलाइट आणि तेवढ्याच वजनाचं पाणी कालवून ओलसर थर करतात. अंडी न उलटता अर्धी रुतवतात. तापमानावर चालणाऱ्या स्वयंचलित यंत्रानं २९ ते ३१ अंश कायम ठेवतात. साधारण तीन महिने लागतात. हे सगळं पाळीव, परदेशी आणि नोंद झालेल्या प्राण्यापुरतं. हाच व्हिडिओ बघून रानातली अंडी डब्यात घालू नका. आणि कंटाळा आला म्हणून इग्वाना धरणाच्या कडेला सोडूनही देऊ नका. तो इथला प्राणी नाही.

गैरसमज आणि खरं

'चंदन घोरपड विषारी असते.' : ठिपकेदार, उठावदार रंगाचं पिल्लू दिसलं की पुष्कळ जण असं म्हणून मारतात. घोरपडीच्या पिल्लाचा रंग मोठीपेक्षा उठून दिसतो, मोठं झाल्यावर तो फिका पडतो. घोरपड चावली तर जखम होते, ती साबण-पाण्यानं धुवा आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पण तिच्या चाव्यानं माणूस मरत नाही.

'पालीचं अंडं फुटलं की विष पसरतं.' : पालीच्या अंड्यात विष नसतं. नको असेल तर स्विचबोर्ड झाडताना हात धुवा, एवढंच.

'घोरपडीचं तेल, मांस औषधी असतं.' : याला आधार नाही. उलट तेल, मांस बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. 'हत्ता जोडी' नावानं मुळी म्हणून जे विकतात, ते पुष्कळदा नर घोरपडीचं कापलेलं जननेंद्रिय असतं. घेणाराही अडकतो.

लक्षात ठेवा

सिंहगडाच्या कड्यावर तानाजी मालुसऱ्यांनी घोरपड लावल्याची गोष्ट आपल्याकडं घरोघरी सांगतात. इतिहासकार ती खरी मानोत न मानोत, घोरपडीची पकड किती चिवट हे आपल्या लोकांना ठाऊक होतं, एवढं त्यावरून कळतं. तिच्या अंड्याला मात्र आपली पकड नको आहे. त्याला हवी असते तीच माती, तीच ओल आणि सहा-आठ महिने कुणाचा हात न लागणं.

अंडी सापडली तर : थांबा, झाका, खूण करा, १९२६ वर कळवा.
साप चावला तर : मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. चावलेला अवयव न हलवता, न कापता, न आवळता १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा.

ही माहिती गावच्या ग्रुपवर टाका. नांगरटीच्या आणि राबाच्या दिवसांत कुणाच्या तरी शेतात नक्की कामी येईल.